डोंगलची सोंगं

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचं संपादित रूप)

माझ्या टेबलाच्या खणात एक जुनं डोंगल पडून आहे. अंगठ्याएवढं, पांढरं, टोपण केव्हाच हरवलेलं. डोंगल म्हणजे काय, हे आज शाळेतल्या मुलांना समजावून सांगावं लागतं. मोबाइलच्या टॉवरकडून इंटरनेट घ्यायचं आणि ते संगणकाला द्यायचं, हे या कांडीचं काम. कुणी तिला डाटाकार्ड म्हणायचं, कुणी नेटसेटर. २००९ नंतरच्या सहा-सात वर्षांत, जिथे टेलिफोनची तार धड नव्हती आणि ब्रॉडबँड तर नव्हतंच, अशा कितीतरी घरांत इंटरनेट आलं ते या कांडीच्या टोकावरून.

२०१० मधली गोष्ट. माझी मावशी सातारा जिल्ह्यात एका खेड्यात राहते. तिच्या मुलाला इंजिनिअरिंगच्या प्रवेशासाठी कॉलेजांचे पसंतीक्रम ऑनलाइन भरायचे होते. मुदत दुसऱ्या दिवशीची. घरातल्या संगणकातलं विंडोज व्हायरसपायी बसलं होतं, म्हणून कुणीतरी त्यावर लिनक्स घालून दिलं होतं. संगणक छान चालत होता. फक्त डोंगल लावलं, की इंटरनेटऐवजी पडद्यावर सीडीचं चित्र यायचं. मावसभावाने मला फोन केला, ''दादा, हे नेट आहे का सीडी?'' ज्या कंपनीचं डोंगल होतं, तिच्या मदतकेंद्राने त्याला एका वाक्यात उत्तर दिलं होतं: विंडोज टाका.

पोराचा प्रश्न अगदी बरोबर होता. त्या डोंगलने सीडीचं सोंग घेतलं होतं. ते का घेतलं आणि कुणी उतरवलं, याचा इतिहास मोठा रंजक आहे. एखादं यंत्र किती वर्षं आपल्या उपयोगी पडतं, हे त्याच्या मजबुतीवर ठरतं, असं आपण समजतो. पण त्या यंत्राशी बोलायची रीत किती जणांना ठाऊक आहे, यावरही ते ठरतं. डोंगलची गोष्ट ही त्या रीतीची गोष्ट आहे.

आधी दुभाष्याविषयी

संगणकात विंडोज किंवा लिनक्ससारखी एक मूळ प्रणाली असते. तिला जगातलं प्रत्येक यंत्र ओळखता येणं शक्य नाही. प्रिंटर वेगळा, कॅमेरा वेगळा, मोडेम वेगळा. म्हणून प्रणाली आणि यंत्र यांच्यामध्ये एक छोटा प्रोग्राम बसवतात. त्याला ड्रायव्हर म्हणतात. नाव ड्रायव्हर असलं, तरी काम दुभाष्याचं. दुभाष्या नसला, तर यंत्र उत्तम असूनही मुकं.

मोडेमच्या बाबतीत या संभाषणाची भाषा फार जुनी आहे. ती सुरू झाली १९८१ मध्ये, अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात. डेनिस हेज आणि डेल हेदरिंग्टन या दोघांच्या कंपनीने त्या वर्षी 'स्मार्टमोडेम' बाजारात आणला. त्याचा वेग होता सेकंदाला ३०० बिट. आजच्या एका साध्या फोटोला त्यावरून यायला काही तास लागले असते! पण त्यात एक नवी सोय होती. एरवी माणसाने फोन फिरवायचा आणि मग मोडेमने बोलायचं, असा प्रकार असे. इथे संगणक स्वतःच मोडेमला साध्या अक्षरांत हुकूम देऊ शकत होता.

प्रत्येक हुकमाच्या सुरुवातीला दोन अक्षरं असत, ए आणि टी. 'अटेन्शन' या शब्दाची ती पहिली अक्षरं. आपण 'अहो, ऐका' म्हणतो, तसंच. 'एटीडी' आणि पुढे आकडे, म्हणजे हा नंबर लाव. 'एटीएच' म्हणजे फोन ठेव. हुकूम कळला, की मोडेम उत्तर द्यायचा: 'ओके'.

ही भाषा इतकी सोपी होती, की इतर कंपन्यांनीही तीच उचलली. पुढे मोडेमच्या खोक्यावर 'हेज कंपॅटिबल' असं छापण्याची पद्धतच पडली. हेज कंपनीचं मात्र १९९४ मध्ये एकदा दिवाळं वाजलं, १९९८ मध्ये पुन्हा, आणि १९९९ मध्ये तिचा लिलाव झाला. कंपनी गेली, भाषा राहिली. मोबाइल आले तेव्हा युरोपातल्या मानक ठरवणाऱ्यांनी याच भाषेत नव्या शब्दांची भर घातली. 'एटी प्लस सीएसक्यू' असं विचारलं, की मोबाइल मोडेम टॉवरचा सिग्नल किती आहे ते आकड्यात सांगतो.

डोंगल वापरलेल्यांना आठवत असेल, इंटरनेट जोडताना एक नंबर लावावा लागे. जीएसएमवाल्यांसाठी 'स्टार ९९ हॅश', सीडीएमएवाल्यांसाठी 'हॅश ७७७'. पलीकडे फोन उचलणारं कुणी नसायचं. तार नव्हती, रिंगही नव्हती. पण संगणकाला मात्र वाटायचं, की आपण टेलिफोनच्या तारेवरून फोन लावतो आहोत. डोंगलचं हे एक सोंग: १९८१ च्या टेलिफोन मोडेमचं.

एका भोकात सगळं

आता यूएसबीकडे वळू. नव्वदच्या दशकात संगणकाच्या पाठीमागे तऱ्हेतऱ्हेची भोकं असत. माउसचं निराळं, प्रिंटरचं निराळं, मोडेमचं निराळं. ही कटकट संपवण्यासाठी इंटेल, मायक्रोसॉफ्ट, आयबीएम, कॉम्पॅक, एनईसी अशा सात कंपन्या एकत्र आल्या आणि जानेवारी १९९६ मध्ये यूएसबीची पहिली आवृत्ती निघाली. इंटेलमध्ये या कामात पुढे असलेले अजय भट्ट हे बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे विद्यार्थी.

यूएसबीचं यंत्र लावलं, की ते आधी स्वतःची ओळख सांगतं. गाडीच्या नंबरप्लेटसारखे त्याचे दोन क्रमांक असतात: एक बनवणाऱ्या कंपनीचा, दुसरा त्या मालाचा. शिवाय आपण कोणत्या वर्गातले, हेही ते सांगू शकतं. मी कळफलक, मी साठवणीचं यंत्र, मी दळणवळणाचं यंत्र, असं. सगळ्यांनी वर्ग नीट सांगितला, तर एका वर्गाला एक दुभाष्या पुरतो. पेनड्राइव्ह कुठल्याही कंपनीचा असो, कुठेही चालतो, तो याच कारणाने.

मोडेमसाठीही असा वर्ग नव्वदच्या दशकातच ठरला होता. पण मोबाइल मोडेम बनवणाऱ्या अनेकांनी तो वापरला नाही. त्यांनी 'आमची रीत वेगळी' असं सांगणारा, म्हणजे कंपनीपुरता वर्ग वापरला आणि त्या रीतीचा दुभाष्या स्वतःच लिहून दिला. बहुधा फक्त विंडोजसाठी. गिऱ्हाईक तिकडेच जास्त होतं, म्हणून हिशेब सरळ होता.

तांब्या आणि नळ

डोंगलच्या आधी लॅपटॉपच्या कडेला सरकवायची चपटी कार्डं होती. व्होडाफोनने २००४ मध्ये युरोपात थ्रीजीचं असं कार्ड विकायला काढलं. ते बनवलं होतं बेल्जियममधल्या लुव्हेन शहरातल्या 'ऑप्शन' या कंपनीने. बाहेरून ते साधं कार्ड दिसे, पण त्याच्या पोटात यूएसबीच होतं.

लिनक्स वापरणाऱ्यांनी या कार्डाला एक सर्वसाधारण दुभाष्या लावून पाहिला. जोडणी झाली, पण माहिती वाटेत सांडू लागली. नळाला धार मोठी आणि खाली तांब्या एकच, अशी गत. एक तांब्या भरून ओतेपर्यंत बाकीचं पाणी वाया. २००५ मध्ये माथियास उर्लिख्स या प्रोग्रामरने या मोडेमांसाठी वेगळा ड्रायव्हर लिहिला आणि एकाऐवजी चार तांबे लावले. कार्ड ऑप्शन कंपनीचं, म्हणून ड्रायव्हरचं नावही 'ऑप्शन' पडलं. ते नाव आजही तसंच आहे.

या ड्रायव्हरमध्ये एक यादी आहे. कोणत्या कंपनीचा कोणता मोडेम हा दुभाष्या सांभाळतो, त्याचे क्रमांक. सुरुवातीला ती मोजक्या ओळींची होती, पुढे शेकडो ओळींची झाली. तिच्यातल्या कितीतरी ओळी अशा कुणीतरी घातल्या, ज्याने दुकानातून मोडेम आणला, तो चालला नाही म्हणून रात्र जागवली, चालला तेव्हा त्याचा क्रमांक कळवला. म्हणजे पुढच्या माणसाची रात्र वाचली.

जानेवारी २००७ मध्ये लिनक्सच्या यूएसबी विभागाचे ज्येष्ठ प्रोग्रामर ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी सगळ्या कंपन्यांना जाहीर सांगितलं, की तुमच्या यंत्राची रीत आम्हाला सांगा, ड्रायव्हर आम्ही फुकट लिहून देतो आणि सांभाळतोही. कंपन्यांकडून पैसे नको होते. माहिती तेवढी हवी होती.

सीडीचं सोंग

याच सुमारास डोंगल आलं आणि त्यासोबत नवी अडचण. आधी मोडेमच्या खोक्यात ड्रायव्हरची सीडी मिळायची. ती हरवायची. शिवाय २००७-०८ पासून छोटे नेटबुक निघाले, त्यांना सीडी घालायची सोयच नव्हती. तेव्हा कंपन्यांनी युक्ती केली. डोंगलमध्येच थोडी साठवणीची जागा ठेवून ड्रायव्हर तिथे भरून टाकला. डोंगल लावलं, की ते आधी सांगायचं, मी सीडी आहे. सीडी लागली की विंडोज त्यातला प्रोग्राम आपोआप सुरू करत असे. तो प्रोग्राम ड्रायव्हर बसवायचा, रंगीत खिडकी उघडायचा, आणि मग डोंगलला गुपचूप एक संदेश पाठवायचा: आता सोंग पुरे. क्षणभर डोंगल गायब व्हायचं आणि लगेच नव्या क्रमांकाने मोडेम म्हणून हजर व्हायचं. आपल्याकडे बहुरूपी दारात पोलिस होऊन येतो, घरातली मंडळी घाबरतात आणि मग तो हसून हात पुढे करतो, तसंच काहीसं.

युक्ती हुशारीची होती, हे मान्य केलं पाहिजे. विंडोजवाल्या गिऱ्हाइकाला काहीच करावं लागत नव्हतं. पण सोंग उतरवायचा संदेश कुठला, हे कंपनी उघड सांगत नव्हती. त्यामुळे लिनक्सवर डोंगल सीडीच राहायचं. दुभाष्या तयार उभा, पण समोरचा मोडेम आहे हेच त्याला कळत नाही.

यावर इलाज शोधला जोसुआ डीट्झे या जर्मन गृहस्थाने. २००७ च्या सुमारास त्याने 'यूएसबी मोडस्विच' नावाचा प्रोग्राम सुरू केला. त्याची पद्धत अशी. ज्याच्याकडे नवं डोंगल आहे, त्याने ते विंडोजवर लावायचं, संगणक आणि डोंगल यांच्यातलं बोलणं टिपून घ्यायचं आणि कळवायचं. त्यातून तो संदेश हाती लागे. बहुतेक वेळा तो जेमतेम ३१ बाइटचा निघायचा. ३१ अक्षरांच्या जागेत मावेल एवढा! पण तो माहीत नसला, तर दोन-तीन हजारांची वस्तू फुकट. काही डोंगलांचा संदेश तर आणखी सोपा होता. सीडी बाहेर काढायचा नेहमीचा हुकूम दिला, की सोंग गळून पडायचं.

मावशीच्या घरी हेच झालं. मी पुण्यातल्या एका मित्राला विचारलं आणि मग मावसभावाला फोनवर सांगितलं, ''त्या सीडीच्या चित्रावर माउसची उजवी कळ दाब आणि इजेक्ट म्हण.'' दहा सेकंद शांतता. मग तो ओरडला, ''दादा, सीडी गेली! मोडेम आला!'' हॅश ७७७ लागला, रात्री साडेदहाला अर्ज भरून झाला. पुढे मावशी शेजाऱ्यांना ऐटीत सांगायची, ''आमच्या नेटला आधी 'बाहेर हो' म्हणावं लागतं, मग ते आत येतं.''

आपल्याकडचा बहर

आपल्याकडे हा काळ डोंगलच्या बहराचा होता. एमटीएनएलने डिसेंबर २००८ मध्ये दिल्लीत थ्रीजी सुरू केलं. बीएसएनएलने २००९ च्या फेब्रुवारीत. खासगी कंपन्यांना थ्रीजीचे परवाने मिळाले ते २०१० च्या लिलावानंतर. त्या लिलावात सरकारला सुमारे ६७ हजार ७०० कोटी रुपये मिळाले. तोवर रिलायन्सचं नेटकनेक्ट, टाटांचं फोटॉन, एमटीएसचं एमब्लेझ ही सीडीएमए तंत्राची डोंगलं घराघरांत पोचली होती. कॉलेजची मुलं ती वर्गणी काढून घेत आणि खोलीतल्या चौघांत आळीपाळीने वापरत.

विंडोजवाल्यांनाही सगळं सुखाचं नव्हतं. यंत्र लावताच प्रोग्राम आपोआप सुरू होण्याची सोय व्हायरसलाही सोयीची होती. २००८ च्या अखेरीस आलेला कॉनफिकर हा व्हायरस पेनड्राइव्हमधून असाच पसरला. म्हणून मायक्रोसॉफ्टने २०११ मध्ये जुन्या विंडोजमधूनही पेनड्राइव्हसाठी ही सोय काढून घेतली. सीडीसाठी ती राहिली, त्यामुळे सीडीचं सोंग घेणारी डोंगलं वाचली.

खरा फटका बसला ६४ बिटच्या संगणकांमुळे. जुन्या ३२ बिटच्या विंडोजसाठी लिहिलेला ड्रायव्हर ६४ बिटच्या विंडोजवर चालत नाही. शिवाय व्हिस्टापासून, म्हणजे २००७ पासून, ६४ बिटच्या विंडोजला सही-शिक्क्याचाच ड्रायव्हर लागू लागला. नवा ड्रायव्हर लिहायचा तर तो कंपनीनेच, कारण रीत तिलाच ठाऊक. कंपनी तोवर नवं मॉडेल विकण्यात गुंतलेली. परिणाम असा, की धडधाकट डोंगलं नव्या संगणकावर मुकी झाली. मावसभावाने २०१३ मध्ये नवा लॅपटॉप घेतला, तेव्हा त्याच्या डोंगलचंही हेच झालं. विंडोजवर चालेना, लिनक्सवर चालत राहिलं. तीन वर्षांपूर्वी ज्या प्रणालीवर ते अडलं होतं, तिथेच आता त्याला आसरा मिळाला होता. यादीत त्याचा क्रमांक कुणीतरी घालून ठेवला होता, आणि ती यादी सगळ्यांची होती.

सोंग उतरलं

शेवटी सगळ्यांनाच हे प्रकरण महाग पडू लागलं. वेगही वाढला होता. फोरजीच्या वेगाला तारेवरच्या फोनचं जुनं सोंग झेपेना. २००९ च्या विंडोज ७ ने मोबाइल मोडेमांसाठी एकसारखी व्यवस्था आखली, पण ड्रायव्हर कंपनीचाच होता. नोव्हेंबर २०११ मध्ये यूएसबीच्या मंडळाने 'एमबीआयएम' नावाचं मानक मंजूर केलं. मोबाइल मोडेमने संगणकाशी कसं बोलायचं, याची ही छापील, सगळ्यांना खुली अशी रीत. २०१२ च्या विंडोज ८ मध्ये तिचा दुभाष्या आधीच बसवलेला होता. लिनक्समध्ये नॉर्वेचे ब्योर्न मोर्क यांनी २०१२ मध्ये क्वालकॉम चिपच्या रीतीचा ड्रायव्हर आणला आणि पाठोपाठ नव्या मानकाच्या ड्रायव्हरचं कामही तडीस नेलं. काही डोंगलं तर स्वतःच छोटा राऊटर बनली. ती संगणकाला सांगत, मी साधं नेटवर्क कार्ड आहे.

गंमत अशी, की घडी बसली तेव्हा पाहुणा निघायच्या बेतात होता. स्मार्टफोनवरून हॉटस्पॉट करता येऊ लागला. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि डोंगल खणात गेलं. तरी ही सगळी मेहनत वाया गेली नाही. सिमकार्ड घालायच्या लॅपटॉपमध्ये आणि कितीतरी राऊटरमध्ये मोबाइल मोडेम असतो. तो बाहेरून दिसत नाही, पण आतल्या आत पुष्कळदा यूएसबीनेच जोडलेला असतो. लिनक्सच्या त्या 'ऑप्शन' ड्रायव्हरच्या यादीत आजही नवे क्रमांक पडत असतात.

मावसभाऊ आता इंजिनिअर आहे. गेल्या दिवाळीत त्याने घर आवरताना ते डोंगल मला आणून दिलं. मी सहज ते लिनक्सच्या संगणकाला लावलं. इजेक्ट म्हणावंही लागलं नाही. संगणकाने त्याचा क्रमांक ओळखला, आपणहून सोंग उतरवलं, मोडेम हजर. नेटवर्क मिळणं शक्यच नव्हतं, कारण आपल्याकडची सीडीएमए सेवा केव्हाच बंद झाली. ते विकणाऱ्या कंपनीला ते आठवतही नसेल. मी दोन अक्षरं लिहिली, ए आणि टी. क्षणात उत्तर आलं: 'ओके'.